पडद्यावरचा ‘किल्ला’: आमची वाटचाल

२०१६ साली कोथरूडच्या घरातल्या मागच्या खोलीत आम्ही दोघांनी काम सुरू केलं, तेव्हा स्वतःचा गेम लांबच होता. परदेशी स्टुडिओंना झाडं, दगड, दरवाजे अशी थ्रीडी मॉडेल्स करून द्यायची, बिल लावायचं आणि वाट बघायची. एका ग्राहकाने चार महिन्यांचे पैसे बुडवले. त्या दिवाळीत हाताला काम नव्हतं, म्हणून सोसायटीतल्या पोरांबरोबर किल्ला करायला खाली उतरलो. विटा, पोती, गेरू, पेरलेले हळीव. तळं कुठे आणि बुरूज कुठे यावरून पोरं हमरीतुमरीवर आली होती. आमचा पहिला गेम तिथेच सुचला.

तो मराठीतच हवा होता. आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर ‘किल्ला’ फुटला. पहिली वेलांटी क सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला ल एकटाच उभा. कॉम्प्युटर आधी क साठवतो, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन दोन ल जोडायचं काम इंजिनाला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्याला, यावं लागतं. आमच्या इंजिनाला ते येत नव्हतं. मग प्रत्येक वाक्याचं चित्र करून डकवलं. एक अनुस्वार राहिला की चित्र पुन्हा.

मार्च २०२३ मध्ये गोडो ४ हे गेम इंजिन आलं. फुकट, मुक्त स्रोत, आणि अक्षरं जुळवायला आत हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर. साधा मजकूर टाइप केला आणि ‘किल्ला’ शाळेच्या फळ्यावर दिसतो तसा उमटला. भागीदाराने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. सगळा गेम आम्ही गोडोत नव्याने बांधला. वर्ष गेलं, पण ते वर्ष मला आजही सत्कारणी लागलेलं वाटतं.

गेम करणं वेगळं आणि बाजारात आणणं वेगळं. स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात गेममागे १०० डॉलर भरायचे, पुढे ३० दिवस थांबायचं, ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे आधी लावायचं. विक्रीतले ३० टक्के स्टीमचे. दोन तासांहून कमी खेळलेला गेम गिऱ्हाईक १४ दिवसांत परत करू शकतं, आणि आमचा गेम जेमतेम तीन तासांचा! म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं तीनदा मोडून पुन्हा रचली.

हे कळलं म्हणूनच प्रकाशक झालो. सांगलीहून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा फोन आला, “दादा, गेम झालाय, पण विकायचा कसा?” दोन पानांचा करार केला, मराठीत. गेमची मालकी तिचीच. आधी आमचा खर्च वजा, मग सत्तर टक्के तिचे. त्यानंतर आणखी तिघांचे गेम घेतले. पैसे लावून खेळायचे गेम मात्र २०२५ च्या केंद्राच्या बंदीआधीही घेतले नाहीत आणि घेणार नाही. बँकेत ‘गेमिंग’ म्हटलं की साहेब आधी रमीचं विचारायचे, ते मनाला लागायचं.

सांगलीच्या गेमचा नवा भाग सोमवारी तपासणीला जातोय. त्यात नकाशावर ‘दऱ्या’ शोधायच्या आहेत आणि काल एका पाटीवर ‘दर्या’ दिसला. डोंगरात समुद्र! आज आम्ही तिघं सगळ्या पाट्या एकेक करून वाचतोय.