आमची वाटचाल : चक्का, चॉकलेट आणि घाटावरची स्ट्रॉबेरी

वाईत राहायचं म्हणजे हिवाळाभर स्ट्रॉबेरीला तोटा नाही. भिलार-पाचगणीचा माल पसरणीचा घाट उतरून येतो. देखणी फळं पेट्यांत बसून पुण्या-मुंबईला जातात आणि बारकी, वेडीवाकडी, पण पुरती पिकलेली मागे राहतात. आमचा घरगुती धंदा या मागे राहिलेल्या फळांवर उभा आहे. गोड पदार्थाला तीच बरी, देठापर्यंत लाल असतात.

सुरुवात केली ती सगळे करतात त्या क्रीमच्या मूसने, म्हणजे फेटलेल्या क्रीममध्ये चॉकलेट घालून केलेल्या गार गोड पदार्थाने. ऑर्डरी यायच्या, पण घरातली मोठी माणसं दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारायची. सासूबाई म्हणाल्या, "जड होतं गं. चक्का घालून बघ की." श्रीखंडाचं फडकं घरात होतंच. घट्ट क्रीममध्ये 100 ग्रॅममागे 35 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. गाईच्या दुधाच्या चक्क्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय चक्क्याचा आंबटपणा कडवट चॉकलेटला छान उचलून धरतो.

प्रमाण लपवून ठेवण्यासारखं काही नाही. चार वाट्यांना 200 ग्रॅम चक्का, 80 ग्रॅम डार्क चॉकलेट, दोन चमचे दूध, चवीपुरती पिठीसाखर, चिमूटभर मीठ. चॉकलेट दुधासकट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचं. चक्का मात्र फ्रीजमधून तासभर आधी बाहेर हवा. कोकोचं लोणी अंगाच्या उष्णतेच्या जरा खालीच आळतं, त्यामुळे गार चक्क्यात चॉकलेट ओतलं की त्याचे बारीक खडे होतात आणि ते मोडत नाहीत. आधी दोन चमचे चक्का चॉकलेटमध्ये घोटायचा, मग ते सगळं उरलेल्या चक्क्यात. स्ट्रॉबेरीच्या फोडींना थोडी साखर लावून रस सुटू द्यायचा. फोडी तळाला, रस वरून.

चॉकलेट घेताना वेष्टन वाचावं. केकच्या सामानाच्या दुकानात 'कंपाउंड' स्वस्त मिळतं, पण त्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेलातली चरबी असते. टाळूला मेणासारखा थर बसतो. ते वापरून 'हलकं' म्हणण्यात अर्थ नाही.

सीझन संपला की फळ बदलतं. पुरंदरचे अंजीर उत्तम. अननस कच्चा घालू नये, त्यातल्या पाचकद्रव्याने दुधातली प्रथिनं मोडतात आणि चक्का कडू होतो; साखरेत शिजवला की हे होत नाही. हापूस आम्ही घालतच नाही. गिऱ्हाईक मागतं, पण हापूसमध्ये चॉकलेट घालणं म्हणजे दोघांचंही नुकसान.

मधुमेही लोक विचारतात, हे चालेल का? आम्ही सरळ सांगतो, यात साखर आहे, चॉकलेटमध्येही आहे, डॉक्टरांना विचारा. एका कॅफेने वर व्हिपिंग टॉपिंगचा, म्हणजे वनस्पती चरबीच्या फेटलेल्या क्रीमचा, मनोरा हवा म्हणून मोठी ऑर्डर देऊ केली होती. नाही म्हटलं. घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता, तो भाग वेगळा.

फूड लायसन्सचं काम झालंय, दुसरा फ्रीज आलाय. चक्क्याचं पाणी थालीपिठाच्या भाजणीत जातं. ऑर्डर आदल्या दुपारपर्यंतच घेतो, कारण चक्का रात्रभर टांगावा लागतो. उशिरा फोन आलाच, तर वरची कृती सांगतो आणि दही कुठलं घ्यायचं तेही.