पुराच्या अंदाजांची क्रमवारी: एम.एस्सी. प्रकल्पाचा माझा अनुभव

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी फझी संचांमधील (ज्यांत एखादी गोष्ट अंशतःही मोडू शकते अशा संचांमधील) अंतरालांच्या, म्हणजे दोन टोकांमधल्या सर्व संख्यांच्या पट्ट्यांच्या, तुलनेचा विषय निवडला, तेव्हा उदाहरण शोधायला लांब जावे लागले नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी येथे घरोघरी विचारली जाते. 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी शाळकरी मुलांनाही पाठ असते. उद्याची पातळी एका आकड्यात सांगणे मात्र धाडसाचे. ती फझी संख्येने, म्हणजे प्रत्येक संभाव्य पातळीला 0 ते 1 मधला अंश देऊन, मांडली, तर त्या संख्येचा प्रत्येक अल्फा-छेद (ठरावीक किंवा त्याहून अधिक अंश असलेल्या पातळ्यांचा संच) हा बंद, म्हणजे दोन्ही टोके धरलेला, अंतराल असतो, आणि दोन अंदाजांपैकी अधिक चिंताजनक कोणता हे ठरवणे शेवटी अंतरालांच्या तुलनेवरच येते.

मी [36, 44] आणि [40, 42] ही फुटांतील काल्पनिक जोडी घेतली. ज्याची दोन्ही टोके लहान तो अंतराल लहान, हा रूढ क्रम येथे काहीच सांगत नाही, कारण दुसरा अंतराल पहिल्याच्या पोटात आहे. सेनगुप्ता आणि पाल यांनी 2000 साली मांडलेला स्वीकारार्हता निर्देशांक काढून पाहिला: मध्यबिंदूंतील फरक 1, अर्ध्या रुंदींची बेरीज 5, म्हणून 0.2. पहिला अंतराल लहान मानावा, पण फारशा भरवशाने नव्हे, एवढेच त्यातून कळते.

बुस्तिन्से आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडलेले ग्राह्य क्रम मला अधिक उपयोगी वाटले, कारण ते कोणत्याही दोन अंतरालांची तुलना करतात आणि रूढ क्रमालाही धक्का लावत नाहीत. 0 ते 1 मधला α निवडून (हा α अल्फा-छेदातला नव्हे) [a, b] साठी (1−α)a + αb ही किंमत काढायची; ती सारखी आली, तर α ऐवजी वेगळा β घेऊन निकाल लावायचा. माझ्या जोडीत α = 2/3 ला किमती समान होतात; त्याखाली दुसरा अंतराल मोठा ठरतो, त्यावर पहिला.

मग α किती घ्यावा? येथे गणित हात झटकते, आणि माझा बहुतेक वेळ या एका आकड्यात गेला. पुराच्या बाबतीत वरच्या टोकाला झुकते माप हवे, हे उघड होते; पण α = 1 घेतल्यास [30, 44] हा ढोबळ अंदाज [42, 43] या नेमक्या अंदाजापेक्षा मोठा ठरतो, आणि नदीकाठी राहणारा कोणीही ते मान्य करणार नाही. मी α = 0.75 आणि β = 1 ठरवले. त्यामुळे मूळ जोडीत धोका पातळी ओलांडू शकणारा पहिला अंदाज 42 विरुद्ध 41.5 असा पुढे राहिला, आणि या ढोबळ अंदाजाची किंमत 40.5 वर येऊन तो 42.75 च्या मागे गेला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी α चे समर्थन ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मोजकेच छेद तपासले, तर दोन वेगळ्या फझी संख्या समान ठरणार नाहीत का?’’ सर्वसाधारण फझी संख्यांबाबत तसे होऊ शकते. त्यासाठी छेदांची घनदाट पसरलेली क्रमिका लागते. माझ्या सर्व संख्या त्रिकोणी होत्या, म्हणजे त्यांच्या अंशांचा आलेख त्रिकोणाच्या आकाराचा होता, त्यामुळे 1 आणि 0.5 या अंशांवरचे दोनच छेद पुरेसे होते, हे मी त्यांना फळ्यावर सिद्ध करून दाखवले.