तुम्ही विचारलंत म्हणून: हेडरमध्ये पॉइंटर कधी?

पणजीत नव्याने रुजू झालेली मुलं कोड रिव्ह्यूला बसली की हा प्रश्न हमखास येतो: सर, सी प्लस प्लसच्या हेडरमध्ये (क्लासची रचना सांगणाऱ्या, इतर फाइलींत घेतल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) क्लासचा मेंबर, म्हणजे घटक, म्हणून अख्खा ऑब्जेक्ट ठेवायचा की पॉइंटर, म्हणजे त्याचा मेमरीतला नुसता पत्ता? माझं उत्तर ठरलेलं. ऑब्जेक्टच ठेवा, पॉइंटर हवा असेल तर कारण सांगा.

समजा, रायबंदर-चोडण फेरीबोटीचा क्लास लिहायचाय. इंजिन बोटीचंच, बोटीबरोबर येणार आणि बोटीबरोबरच भंगारात जाणार. ते सरळ मेंबर. धक्का मात्र बोटीच्या मालकीचा नाही. कधी रायबंदरचा, कधी चोडणचा आणि भर मांडवीत कुठलाच नाही. म्हणून त्याचा साधा पॉइंटर, नदीत असताना नल, म्हणजे रिकामा. त्याला डिलीट करायचं, म्हणजे मेमरीतून काढायचं, काम बोटीचं नव्हे.

जावा शिकून आलेली मंडळी इंजिनसुद्धा न्यू करून, म्हणजे वेगळ्या मेमरीत बनवून, बोटीत त्याचा नुसता पॉइंटर ठेवतात. मग बोटीची कॉपी झाली की दोन बोटींत एकच इंजिन, आणि दोघींचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारी सफाईची फंक्शनं) तेच डिलीट करायला धावतात.

इंजिन डिझेलचं की बॅटरीचं हे प्रोग्राम चालताना ठरणार असेल, तर बेस क्लासचा, म्हणजे दोन्ही इंजिनांच्या सामाईक मूळ क्लासचा, युनिक पॉइंटर घ्या; तो एकटाच मालक असतो आणि डिलीटही स्वतःच करतो. बेसचा व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर विसरू नका, त्यामुळे बेसच्या पॉइंटरवरून डिलीट करतानाही खऱ्या इंजिनाचा डिस्ट्रक्टर चालतो.

आणखी एक रास्त कारण म्हणजे कंपाइलचा वेळ. ऑब्जेक्ट मेंबर असेल तर कंपायलरला त्याचा आकार कळावा लागतो, म्हणजे इंजिनचं हेडर बोटीच्या हेडरात इन्क्लूड करणं, म्हणजे जोडून घेणं, आलं. मग त्या हेडरात एक ओळ बदलली तरी बोटीचं हेडर घेणारी प्रत्येक फाइल पुन्हा कंपाइल. पॉइंटरचा आकार आधीच ठाऊक असतो, ६४ बिट मशीनवर सहसा ८ बाइट. तिथे 'क्लास इंजिन;' एवढं फॉरवर्ड डिक्लेरेशन, म्हणजे असा क्लास आहे एवढंच सांगणं, पुरतं.

पण इथेच सगळे अडकतात. युनिक पॉइंटर ठेवला, डिस्ट्रक्टर लिहिलाच नाही, की 'इनकम्प्लीट टाइप'ची, म्हणजे क्लासची पूर्ण व्याख्या दिसत नसल्याची, लांबलचक एरर. कारण कंपायलरने स्वतः बनवलेला डिस्ट्रक्टर इनलाइन असतो, म्हणजे बोट वापरणाऱ्या फाइलीतच तयार होतो, आणि बोट वापरणाऱ्या फाइलला इंजिनची व्याख्या दिसतच नाही. डिस्ट्रक्टर हेडरमध्ये फक्त डिक्लेअर करा आणि सीपीपी फाइलमध्ये (जिथे क्लासचा खरा कोड असतो) इंजिनचं हेडर घेऊन डिफॉल्ट करा, म्हणजे कंपायलरचाच नेहमीचा घ्या. तसं केल्यावर मूव्ह कन्स्ट्रक्टर (एका बोटीतला ऐवज नव्या बोटीत हलवणारा) आपोआप मिळत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. हवा असेल तर तोही असाच लिहायचा.

इंजिन नुसतं फंक्शनचं पॅरामीटर असेल तर हा घोळच नको. फंक्शनच्या डिक्लेरेशनपुरतं फॉरवर्ड डिक्लेरेशन रेफरन्सला (मूळ ऑब्जेक्टच द्यायचा तेव्हा) चालतं, व्हॅल्यूलाही (त्याची कॉपी द्यायची तेव्हा) चालतं. एवढं कळलं की बरेचसे इन्क्लूड तिथल्या तिथे गळतात.