पद्मिनीत काय बदललं आणि काय नाही

गाडी १९७८ ची, प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पार्किंगमध्ये काम काढल्यापासून बिल्डिंगमधला प्रत्येक जण सल्ला देऊन जातोय, एकाने तर सरळ मारुती एस्टीमचं इंजिन टाक, फ्लोअर गिअर कर, एसी बसव असं सगळं सुनावलं. अहो मग एस्टीमच घेतो ना!

माझं म्हणणं सोपं आहे, जे उद्या नट-बोल्ट सोडून परत होतं तसं करता येईल तेवढंच बदलायचं. पॉइंट-कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारी जुनी यंत्रणा) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं, ते डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डब्याच्या, टोपीखाली जातं, बाहेरून कळतही नाही. हेडलाईटला रिले लावले, म्हणजे बल्बला करंट थेट बॅटरीकडून देणारे छोटे स्विच, कारण जुन्या वायरिंगमध्ये बल्बचा सगळा करंट स्विचमधून जातो, स्विच तापतो आणि रस्त्यावर उजेड मेणबत्तीएवढा. इंजिनला चिकटलेला पेट्रोल पंप उन्हाळ्यात घाटात तापून व्हेपर लॉक व्हायचा, म्हणजे आतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठाच बंद, जुने लोक त्यावर ओलं फडकं टाकायचे, मी मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला. पण १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगवरचा गिअर, त्याला हात नाही लावणार. तो गिअर काढला तर पद्मिनी उरली काय?

पैसा मात्र सगळा पत्र्याने खाल्ला. वरून रंग चकाचक, पण लोहचुंबक फिरवलं तर दाराखालच्या पट्ट्यावर चिकटेचना, म्हणजे आत नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. खरवडली तर पत्राच गायब, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर थेट पार्किंगची फरशी दिसली. (जुनी गाडी बघायला जाताना खिशात चुंबक ठेवाच, मालक नाराज झाला तर होऊ दे.) आणि घरी वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरी सोडवा, सीट काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, मग बाकीचं.

इंजिन न बदलण्याचं अजून एक कारण आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए (VA) अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे माझी २०२८ ला बसते त्यात. गंमत अशी की व्हीए पाटी लागली की गाडी रोज चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मला तर ती भाजीला न्यायचीय. त्यामुळे सध्या तरी दर ५ वर्षांनी साधं रजिस्ट्रेशन रिन्यू करत बसणार, आरटीओच्या चकरा आल्याच.