कराड ते कुंभार्ली : गुरुत्वमापकासोबतचा प्रवास

कराडहून पाटणमार्गे कोयनानगर गाठायला इतरांना तास-दीड तास पुरतो. गुरुत्वाकर्षणाच्या सर्वेक्षणात मात्र थोड्या थोड्या अंतरावर थांबून तिपाई मांडावी लागते, पाणसळीतले बुडबुडे मध्यावर आणावे लागतात आणि उसाचा ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत स्वस्थ बसावे लागते, कारण त्याच्या हादऱ्याने वाचन स्थिर होत नाही. इथले गुरुत्व सुमारे 9,78,000 मिलिगल (गुरुत्व मोजण्याचे एकक), आणि आम्ही शोधतो तो फरक मोजक्या मिलिगलांचा. ठिकाणाची उंची मीटरभर चुकली तरी 0.2 मिलिगलचा घोळ होतो.

माझी उमेदीची वर्षे गेली ती पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत, म्हणजे जमिनीचा पट्टा खाली खचून झालेल्या दरीत. केनियात नैवाशा सरोवराजवळ ऑल्कारिया येथे 1981 पासून भूगर्भातील वाफेवर वीज तयार होते. तिथे दरीच्या रुंदीभर गुरुत्व कमी भरते, पण दरीच्या मध्यरेषेलगत ते पुन्हा वाढते. खालून घुसलेल्या जड शिलारसाची ती खूण, आणि उष्णतेचा शोध तिच्या आसपासच घ्यायचा. तिथला काही लाव्हा तर अवघ्या काही शतकांपूर्वीचा आहे. अशा प्रदेशात वर्षे काढल्यावर नकाशावर गुरुत्वाचा खड्डा दिसला की खचदरीच आठवते.

कोयनेच्या बाबतीत हा मोह जुना आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर काही वर्षांनी, 1973 मध्ये, कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वातील अशाच घटीवरून दख्खनच्या बेसाल्टखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या असाव्यात, असे मांडले. पुढे भूकंपाच्या अभ्यासासाठी या भागात खोल छिद्रे घेण्यात आली. गोठणे येथील छिद्र तर 3 किलोमीटर खोल आहे. बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा कठीण खडक लागला, खचदरीत साचणारा हलका गाळाचा खडक मधे आढळलाच नाही. माझ्या मते खचदरीच्या कल्पनेला हा मोठाच धक्का आहे, कारण गुरुत्वाची तीच घट सह्याद्रीखालच्या जाड, तुलनेने हलक्या भूकवचानेही समजावता येते. एकाच वाचनाला अनेक उत्तरे जुळतात, ही आमच्या शास्त्राची जुनीच अडचण. ड्रिलवाले मात्र खडकच वर काढून दाखवतात.

हेळवाकला चहा देताना टपरीवाले काका म्हणाले, “सर, घाटाखाली तुरळला ऊन पाणी निघतंय, मग आमच्या धरणाखाली का नाही?” प्रश्न अगदी नेमका होता. दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, त्याची धग कधीच निवली. तुरळ-राजवाडीचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या नेहमीच्या तापमानाने तापते आणि घाटपायथ्याच्या भेगांतून वर येते. त्याला ज्वालामुखीची गरज पडत नाही. म्हणूनच पुढची वाचने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे तुरळपर्यंत घ्यायची आहेत, आणि त्या भेगांचा माग काढण्यासाठी सोबत जमिनीचा विद्युतरोध मोजणारे यंत्रही न्यायचे आहे.