नवीन पिस्तूल: २०० राउंड, चार अडथळे आणि एक मॅगझीन

नवीन पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीचं) स्पोर्ट पिस्तूल हातात आलं की पहिली इच्छा होते ती थेट टार्गेट लावून दहाचं वर्तुळ शोधायची, पण मी यावेळी ठरवून तसं केलं नाही. आधी बघायचं होतं की ते न अडकता चालतं का, नेम नंतर. कारण मॅचमध्ये पिस्तूल एकदा जरी अडकलं ना, की पुढच्या पाच गोळ्या डोक्यात तेच घोळत राहतं.

रेंजवर जायच्या आधी पिस्तूल उघडून पुसलं. नवीन पिस्तुलाला गंज लागू नये म्हणून बरंच तेल लावलेलं असतं, नळीत पण असतं, ते तसंच ठेवून फायर केलं तर पहिल्या काही गोळ्या कुठे जातील याचा भरवसा नाही. दोन्ही मॅगझीनवर (काडतुसं भरायच्या पेट्यांवर) मार्करने १ आणि २ असे आकडे टाकले. हे एवढंसं काम आहे पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, का ते पुढे येतंच. दोन प्रकारची काडतुसं, म्हणजे राउंड, घेतली, प्रत्येकी १००, आणि मॅचसारखी पाच-पाच भरून दोन्ही मॅगझीनमधून आलटून पालटून मारायची, प्रत्येक वेळी वहीत नोंद.

पहिला अडथळा बहुतेक साठाव्या राउंडच्या आसपास आला. चाप ओढला, नुसता टक् आवाज. अशा वेळी घाईने स्लाईड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढायची नाही, कधीकधी काडतूस उशिरा पेटतं, म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबलो आणि मग राउंड बाहेर काढला. काडतुसाच्या बुडाच्या काठावर, त्याला पेटवायला आपटणाऱ्या पिनचा ठसा स्वच्छ आणि खोल होता म्हणजे पिनने आपलं काम केलेलं. या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या काठात फिरवून भरलेला असतो, एखाद्या जागी तो नीट पोचत नाही, आणि पिन नेमकी तिथेच बसली की असं होतं. तेच काडतूस थोडं फिरवून परत भरलं तर उडालं. तर हा दोष काडतुसाचा, पिस्तुलाच्या नावावर लिहिला नाही.

पुढचे तीन मात्र वेगळे. स्लाईड अर्धवट पुढे येऊन थांबलेली, गोळीचं टोक चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) खालच्या काठावर आपटलेलं, मऊ शिशावर नखाएवढा चकचकीत ओरखडा. तिन्ही वेळा ओरखडा त्याच बाजूला. वही उघडली तर तिन्ही मॅगझीन २ मधले, आणि काडतुसं दोन्ही प्रकारची. मॅगझीन १ मध्ये एकही जॅम नाही. दोन्ही शेजारी धरून वरून बघितलं तेव्हा २ नंबरच्या तोंडाची एक कड जरा आत वळलेली दिसली, नुसत्या नजरेला पटकन कळणार नाही इतकीच. मी पकड घेऊन सरळ करणार होतो तर आमचे शिकवणारे सर म्हणाले, "हात लावू नकोस, बदलून घे. आज सरळ वाटेल आणि मॅचच्या दिवशी परत अडकेल." आकडे टाकले नसते तर मी पिस्तूलच परत पाठवलं असतं.

आता मॅगझीन १ च्या १०० राउंडमध्ये शून्य जॅम, ऐकायला छान वाटतं. पण गणिताने बघितलं तर १०० पैकी शून्य म्हणजे जॅमचं प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आहे एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ६० गोळ्यांच्या मॅचला ३ टक्के म्हणजे जवळपास दोन जॅम! म्हणून माझी परीक्षा अजून संपलेली नाही, निदान ३०० तरी स्वच्छ जायला हवेत.

नेमाचं दुसऱ्या दिवशी सकाळी, २०० राउंडनंतर मनगटावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून. बसून, हात वाळूच्या पिशवीवर टेकवून, २५ मीटरवर. काडतूस बदललं की नळी त्या नव्या काडतुसाच्या गोळीवरच्या मेणाला रुळायला थोडे राउंड घेते, त्यामुळे दर वेळी पहिले १५ मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं. पहिल्या प्रकाराचे पाच-पाचचे ग्रुप (पाच भोकांचा पसारा) ३८, ३१ आणि ३५ मिलिमीटर, दुसऱ्याचे ५२, ६१, ४७. दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, म्हणजे पहिलं काडतूस घेऊन पिस्तूल आरामात दहात बसतं. पिस्तूल तेच, हात तोच, फरक फक्त डबीचा.

मग उभं राहून एका हाताने मारलं तर गोळ्या खाली डावीकडे, आठमध्ये. मी उजवखोरा, आणि अशा ग्रुपचं नेहमीचं कारण म्हणजे चाप झटक्याने ओढणं. तरी हात साईटच्या, म्हणजे नेम सरकवायच्या, स्क्रूकडे गेलाच होता, पण पिशवीवर तेच पिस्तूल मध्यभागी मारत होतं ना. सरांनी मॅगझीनमध्ये मला न दाखवता डमी राउंड (न उडणारी खोटी काडतुसं) मिसळले, आणि डमी आला त्या क्षणी नळी स्पष्ट खाली झुकलेली मला स्वतःला दिसली. स्क्रू होता तिथेच ठेवला.

आता रोज घरी डमी घालून चाप ओढायचा सराव चालू आहे, नळीच्या टोकावरची फ्रंट साईट हलली की तो प्रयत्न मोजायचा नाही. मॅगझीन २ वर लाल टेप लावून बाजूला ठेवलंय, बदली आली की तिच्यावर ३ आकडा टाकून परत पहिल्या राउंडपासून मोजणार.