अकरा टाकू की दहावरच राहू

भाचा दिवाळीला आला की माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरकडे बघून नाक मुरडतोच, यंदा म्हणाला मामा, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज दहाचा सपोर्ट संपला, आता सिक्युरिटी अपडेट यायचे नाहीत, अकरा टाकून घे. मी डीटीपीवाला माणूस, लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याची पत्रं, मला काय कळतंय त्यातलं, म्हटलं टाक.

तर टाकता येईना. टीपीएम २.० म्हणजे सिक्युरिटीची एक सोय लागते म्हणे, ती त्याने बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू केली, पण प्रोसेसर पडला इंटेलचा सातव्या जनरेशनचा आणि मायक्रोसॉफ्टला पाहिजे आठव्यापासून पुढचा. २०१७ ला घेतलेलं मशीन, एकदाही रुसलं नाही, आणि एका नंबरने नापास! यूट्यूबवर बायपासचे जुगाड ढीगभर आहेत, पण ज्याच्यावर पोट आहे त्या मशीनवर मी असले प्रयोग करत नाही.

खरी गोची वेगळीच. माझं विंडोज ३२ बिटचं, म्हणजे जुन्या प्रकारचं, मुद्दाम ठेवलेलं, कारण मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल (मशीनला लावायची लायसनची चावी) त्यावरच चालतो, आणि अकरा ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणजे नवीन मशीन घेतलं तरी पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या वीस वर्षांच्या फायलींचं काय? त्या फॉन्टात अक्षर दिसायला मराठी, आतून कोड इंग्रजी अक्षरांचे, फॉन्ट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसता कचरा. हे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा कोडमध्ये, बदलणारे कन्व्हर्टर वापरून बघितले, पण पहिली वेलांटी आणि रफार, ह्या दोघांनी रडवलं. पत्रिकेत सूर्यवंशींचा रफार उडाला तर पार्टी पैसे देईल का सांगा.

शेवटी मधला रस्ता काढला. दहाला वर्षभर जादा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीस डॉलर भरा नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग सिंक करा म्हणजे फुकट. अर्थातच फुकटवालं घेतलं. बँक, मेल, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह (सगळ्यात घाण तेच) आता ह्या मशीनला बंद, ते सगळं भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर, त्यात अकरा आहे, नवीन कामंही तिथेच युनिकोडमध्ये.

भाचा म्हणतो पुढच्या ऑक्टोबरला काय करणार? रोज दुकान बंद करायच्या आधी जुन्या फायलींच्या पीडीएफ काढत बसतोय, २००९ पर्यंत पोचलोय.